शिंकल्यावर जर्मनीत काय म्हणायचं

तुझा प्रश्न असा आहे: "ताई, सप्टेंबरमध्ये श्टुटगार्टजवळच्या एका हॉस्पिटलात नर्स म्हणून रुजू होतेय. जर्मन भाषेची बी-टू पातळी झाली. क्लासच्या मॅडमनी शिकवलं की कोणी शिंकलं की 'गेझुंटहाइट' म्हणायचं. पण एका व्हिडिओत ऐकलं की असं म्हणणं तिकडे आता असभ्य समजतात. मग नक्की काय करू? आणि आई म्हणते, निघताना कोणी शिंकलं तर बसून, पाणी पिऊनच निघायचं. तिला काय सांगू?"

बॅग किती किलोची, कुकर न्यायचा का, थंडीचे बूट इथून घ्यायचे की तिथून, हे सगळे विचारतात. शिंकेचं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. प्रश्न बारीक वाटतो, पण वॉर्डात तो तुला पहिल्याच दिवशी भेटणार आहे. मला जर्मनीत जाऊन चौदा वर्षं झाली. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर सुरुवातीच्या महिन्यांतले दोन-तीन प्रसंग टळले असते, म्हणून सविस्तर लिहिते.

थेट उत्तर आधी देते: म्हण. वॉर्डात, जेवणाच्या टेबलावर, शेजारी, ट्राममध्ये, बिनधास्त म्हण. कुठे म्हणायचं नाही ते पुढे सांगते, पण अशा जागा थोड्या आहेत. आणि तू स्वतः शिंकलीस आणि कोणी 'गेझुंटहाइट' म्हटलं, तर 'डांके', म्हणजे थँक यू, म्हणायला विसरू नकोस. मॅडम पहिला अर्धा भाग नेहमी शिकवतात, हा दुसरा अर्धा राहून जातो.

मी तिथेच चुकले होते. पहिल्याच आठवड्यात ट्राममध्ये मला शिंक आली. समोर एक वयस्कर गृहस्थ पेपर वाचत बसले होते. पेपरमधून डोळे न काढता ते म्हणाले, "गेझुंटहाइट." मला शब्द माहीत होता, पण ते मला म्हणाले हेच लक्षात आलं नाही. ज्या गावात लिफ्टमध्येही कोणी कोणाशी बोलत नाही, तिथे अनोळखी माणूस माझ्याशी कशाला बोलेल? मला वाटलं, जोरात शिंकले म्हणून टोमणा मारला. मी मान वळवून खिडकीबाहेर बघत बसले. दोन स्टॉपनंतर ते उतरले, तेव्हा माझ्याकडे बघून त्यांनी बारीकशी मान हलवली. पुढे महिनाभराने उलगडा झाला, आणि त्या माणसाला 'डांके' म्हणायचं राहिलं याची चुटपुट लागली ती अजून गेलेली नाही.

आता शब्दाकडे वळू. गेझुंटहाइट म्हणजे आरोग्य, बस. 'तुला आरोग्य लाभो' यातलं 'तुला' आणि 'लाभो' गाळून उरलेला एकटा शब्द. उच्चार करताना जोर मधल्या 'झुं'वर द्यायचा, आणि हा झ आपल्या 'झाड'मधला, 'झेंडा'मधला नव्हे. मराठी माणसाला हा झ जन्मापासून येतो, त्यामुळे तुझा उच्चार पहिल्या दिवसापासून चांगला येईल. 'डांके'तला शेवटचा ए अगदी अर्धवट सोडायचा.

या शब्दाचा एक मोठा उपकार आहे. जर्मनमध्ये 'झी' म्हणायचं की 'डू', म्हणजे तुम्ही की तू, ही टांगती तलवार सतत डोक्यावर असते. पेशंटला झी, सहकाऱ्यांना बहुतेक ठिकाणी डू, मोठ्या डॉक्टरांना झी, आणि त्यातले काही कधी डूवर येतात ते कळतसुद्धा नाही. गेझुंटहाइटमध्ये तूही नाही आणि तुम्हीही नाही. प्रोफेसरला म्हण, सफाईला येणाऱ्या बाईंना म्हण, चार वर्षांच्या पोराला म्हण, शब्द तोच. नव्या माणसाला चूक न करता बोलता येईल अशी जी मोजकी वाक्यं आहेत, त्यात हे सर्वांत सोपं. सुरुवातीला तोंड उघडायची भीती वाटेल तेव्हा याच शब्दापासून सुरुवात कर.

आता तुझ्या त्या व्हिडिओबद्दल. तो अगदीच खोटा नाही. शिष्टाचार शिकवणारी मंडळी जर्मनीत बरीच आहेत आणि या सगळ्या शिष्टाचाराला तिथे 'क्निगे' म्हणतात. आडोल्फ फ्रायहेर क्निगे नावाच्या माणसाने १७८८ साली माणसांनी माणसांशी कसं वागावं यावर पुस्तक लिहिलं, त्यावरून. खरं तर त्यात काटे-चमचे कुठे ठेवायचे याचे नियम नाहीत, निरनिराळ्या स्वभावाच्या आणि थरांच्या माणसांशी जुळवून कसं घ्यावं याचा विचार आहे. पण नाव चिकटलं ते चिकटलं. तर या क्निगेवाल्यांनी अलीकडच्या काळात असं सांगायला सुरुवात केली की शिंक ही शरीराची खाजगी गोष्ट आहे, तिच्याकडे लक्ष वेधू नये. उलट शिंकणाऱ्यानेच 'एंटशुल्डिगुंग', म्हणजे माफ करा, म्हणावं आणि बाकीच्यांनी काही झालंच नाही असं दाखवावं. ऑफिसच्या बैठकीत, मुलाखतीत, भाषण चालू असताना हे बऱ्याच अंशी पाळतात आणि तिथे ते योग्यही आहे. वीस जणांनी एकदम गेझुंटहाइट म्हटलं तर बोलणाऱ्याचा धागा तुटतो.

पण घरात, मित्रांत, वॉर्डात लोकांनी हा नियम मानलेला नाही. माझ्या अनुभवात तरी नाही. आणि पेशंटच्या बाबतीत तो पाळणं मला चूकच वाटतं. त्याचं कारण सांगते.

मी नवीन होते आणि असंच काहीतरी वाचून आले होते. सकाळची पाळी होती. ऐंशीच्या पुढच्या एक आजी, खुब्याचं हाड मोडलेलं, भेटायला येणारं कोणी नाही. मी त्यांचं ब्लडप्रेशर घेत होते. त्या शिंकल्या. मी वाचलेलं आठवलं आणि गप्प राहिले, कफ सोडला, आकडा लिहिला. आजींनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच स्वतःला म्हणाल्या, "गेझुंटहाइट." आणि जरा थांबून, "डांके." आवाजात राग नव्हता. एकटं राहणारी माणसं स्वतःशी बोलतात तसं बोलल्या. मी तिथे उभी होते, त्यांचा हात माझ्या हातात होता, आणि त्यांना त्यांचा शब्द स्वतःच म्हणून घ्यावा लागला. त्या दिवसापासून वॉर्डात एकही शिंक मी रिकामी जाऊ दिलेली नाही.

तुझ्या कामात याला आणखी एक बाजू आहे. पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला शिंक म्हणजे केवढं संकट ते तू ट्रेनिंगमध्ये पाहिलंच असशील. शिंक येतेय असं वाटलं की माणूस घाबरतो, टाके तुटतील म्हणून ती दाबायला बघतो. उशी किंवा घडी केलेला टॉवेल जखमेवर दोन्ही हातांनी घट्ट धरायला सांगायचं, गुडघे वाकवायला सांगायचे, आणि शिंक येऊ द्यायची. तू जवळ असशील तर तुझा तळवाही त्या उशीवर ठेव. शिंक होऊन जाते, माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं, मग तू म्हणतेस, "गेझुंटहाइट." त्या वेळी तो शब्द नुसती रीत राहत नाही. ज्याला बरं व्हायचंय त्याच्याजवळ उभं राहून तू त्याच्या भाषेत 'आरोग्य' म्हणतेस. माझ्या मते या कामातल्या चांगल्या क्षणांपैकी हा एक. (शिंक दाबू नये हे आपल्याकडेही जुनंच आहे. चरकसंहितेत जे तेरा वेग, म्हणजे शरीराच्या नैसर्गिक ऊर्मी, अडवू नयेत म्हणून सांगितले आहेत, त्यात शिंक आहे. अडवली तर मान आखडते, डोकं दुखतं असं तिथे म्हटलंय.)

मग कुठे म्हणायचं नाही? मोठे डॉक्टर राउंड घेतात, ज्याला 'व्हिझीटं' म्हणतात, त्यात बोलणं चालू असेल तर नाही. ड्युटी बदलतानाच्या 'युबरगाबं'त, म्हणजे हँडओव्हरमध्ये, कोणी पेशंटची माहिती देत असेल तर हळू आवाजात किंवा नुसती मान हलवून चालतं. चर्चमध्ये, संगीताच्या कार्यक्रमात नाही. आणि एकाच माणसाला एकामागून एक पाच शिंका आल्या तर पाच वेळा म्हणायचं नाही. पहिल्या शिंकेला म्हण, फार तर दुसऱ्या. ओळखीच्यांत कोणी कोणी दुसऱ्या शिंकेला 'श्योनहाइट', म्हणजे सौंदर्य, म्हणतात, आरोग्य तर आधीच देऊन झालं म्हणून. ते ऐकलंस की हस आणि डांके म्हण.

खोकल्याला काहीही म्हणत नाहीत. ढेकर ऐकू जाऊ देत नाहीत. हे एवढंच.

पण नाक ओढणं, याबद्दल मला थांबून सांगायचंय, कारण इथे आपली माणसं हमखास अडकतात आणि तोंडावर कोणी सांगत नाही. आपल्याकडे चारचौघांत, त्यातून जेवताना, जोरात नाक शिंकरणं किळसवाणं समजतात. त्यापेक्षा हळूच सुर्र करून नाक ओढून घेतलेलं चालतं. जर्मनीत नेमकं उलटं. तिथे माणूस हॉटेलातसुद्धा कागदी रुमाल काढतो, मान जरा वळवतो, कर्णा वाजल्यासारखं नाक शिंकरतो, रुमाल घडी करून खिशात टाकतो आणि सूप प्यायला लागतो. कोणी वर बघत नाही. पण तू दहा मिनिटं सुर्र सुर्र करत बसलीस तर खोलीतल्या प्रत्येकाचं लक्ष तिकडेच लागतं.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात सर्दी झाली होती आणि युबरगाबंमध्ये मी नाक ओढत होते. शेजारची सहकारी काही बोलली नाही. खिशातून 'टेम्पो'चं पाकीट काढून टेबलावरून सरकवत माझ्यापुढे ठेवलं. टेम्पो हा कागदी रुमालांचा ब्रँड, १९२९ पासूनचा. आपण फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो तसं तिथे कागदी रुमालाला टेम्पोच म्हणतात. मला वाटलं काय प्रेमळ आहे ही. पाकीट तिला परत देत म्हटलं, "नको, ठीक आहे." आणि पुन्हा नाक ओढलं. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. अर्थ कळला तेव्हा मला खूप लागलं. आज वाटतं की तिने तिच्या परीने मला सांभाळूनच घेतलं होतं. तू मात्र पहिल्या दिवसापासून खिशात टेम्पो ठेव. नाक शिंकरताना संकोच करू नकोस. एक-दोन महिने विचित्र वाटतं, मग सवय होते. सुट्टीत घरी आलीस की तेवढं आठवणीने बदल, नाहीतर जेवणाच्या पंगतीत आई डोळे वटारेल.

शिंकताना तोंडावर हात धरायचा नाही, कोपराच्या आतल्या बाजूत शिंकायचं. हे तुला कामात शिकवतीलच. कोरोनाच्या काळात ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. त्या दोन वर्षांत ट्राममध्ये कोणी शिंकलं की गेझुंटहाइट तर सोडाच, आख्खा डबा गोठायचा. ती शांतता मला फार जड जायची. मग २०२२च्या शेवटी-शेवटी कधीतरी एका बाईंना मास्कच्या आतून शिंक आली आणि मागच्या सीटवरून एका मुलाचा आवाज आला, "गेझुंटहाइट!" डब्यातल्या दोघा-तिघांनी मागे वळून पाहिलं. सगळं पुन्हा पूर्वीसारखं होतंय असं मला त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं.

खरोखर आजारी असशील तर शिंकत कामावर जाऊ नकोस. आपल्याकडे अंगावर काढण्याचं कौतुक होतं, तिथे होत नाही. पाळी सुरू व्हायच्या आधी फोन करून कळवायचं. तीन दिवसांपेक्षा जास्त आजारपण असेल तर कायद्याने चौथ्या दिवसापर्यंत डॉक्टरचा दाखला लागतो. पण काही ठिकाणी पहिल्याच दिवसापासून मागतात, तेव्हा तुझा करार नीट वाच. २०२३ पासून सरकारी आरोग्य विम्यात असणाऱ्यांचा दाखला डॉक्टरकडून विमा कंपनीकडे परस्पर जातो आणि हॉस्पिटल तो तिथून मागवून घेतं, पण तू आजारी आहेस हे कळवायचं काम तुझंच राहतं. पगार सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण मिळतो. फक्त नोकरीला लागून पहिले चार आठवडे व्हायच्या आत आजारी पडलीस तर पगाराऐवजी विम्याकडून पैसे येतात. आजारी माणसाला मात्र गेझुंटहाइट म्हणत नाहीत, 'गूटं बेसरुंग' म्हणतात, लवकर बरी हो. औषधाच्या दुकानातून बाहेर पडताना तो शब्द हटकून कानावर येतो.

आणि वसंतात शिंका सुरू झाल्या की लगेच सर्दी समजू नकोस. मला चौथ्या वर्षी एप्रिलमध्ये सुरू झाल्या, दिवसाला वीस-वीस. बर्च नावाच्या पांढऱ्या खोडाच्या झाडाचे परागकण. गावाकडे मला कधी कसली ॲलर्जी नव्हती, पण परदेशातून आलेल्या बऱ्याच जणांना काही वर्षांनी हे होतं. तिथे याला 'हॉयश्नुप्फन' म्हणतात. हेझलची झाडं तर जानेवारी-फेब्रुवारीतच सुरू होतात, गवताचं मे ते जुलै. जर्मन हवामान खातं रोज परागकणांचा अंदाज देतं, तो बघत जा. सेटिरिझीन हे ॲलर्जीचं औषध चिठ्ठीशिवाय मिळतं. शिंकल्यावर कोणी काळजीने बघितलं तर 'हॉयश्नुप्फन' एवढं म्हण. सगळे एकदम सैल होतात, आणि निम्मे म्हणतात, मलापण.

आता थोडं आपल्याकडचं, कारण तुझ्या प्रश्नाचा दुसरा भाग तिथला आहे.

आमच्या घरी बाळ शिंकलं की आजी 'शतं जीव' म्हणायची, लागोपाठ दुसरी शिंक आली की 'चिरंजीव हो'. आजोबा शिंकले की स्वतःच 'श्रीराम' म्हणायचे. बोलता बोलता मध्येच कोणी शिंकलं तर आजी बोट वर करून म्हणायची, "सत्य आहे बघ." शहरात हे सगळं गळून गेलं. आता आपण शिंकल्यावर 'सॉरी' म्हणतो किंवा समोरचा 'ब्लेस यू' म्हणतो. मीही निघेपर्यंत तेच म्हणत होते. आजीचे शब्द मला जर्मनीत जाऊन परत मिळाले.

ते असे. वॉर्डात माझ्याबरोबर एक तुर्की सहकारी आहे, तिचा जन्म श्टुटगार्टचाच. तिची आई एकदा तिला घ्यायला आली होती आणि मी शिंकले. आई म्हणाली, "चोक याशा." मी अर्थ विचारला. म्हणजे पुष्कळ जग. मी तिथल्या तिथे उभी राहिले. हा तर आमच्या आजीचा शब्द! तुर्कीत त्यावर उत्तरही ठरलेलं असतं: 'सेन दे ग्योर', तूही ते बघ. म्हणजे मी जगेन ते पाहायला तूही असशील. यापेक्षा सुंदर उत्तर मला अजून कोणत्या भाषेत भेटलेलं नाही. आमच्यात आता तोच पाठ आहे. ती शिंकली की मी 'शतं जीव' म्हणते, मी शिंकले की ती 'चोक याशा'.

बायर्नकडच्या, म्हणजे बव्हेरियातल्या, एका पेशंट आजोबांनी मला आणखी एक जुना शब्द दिला, 'हेल्फ गॉट', देव मदत करो. त्या भागात आणि ऑस्ट्रियात जुनी माणसं अजून म्हणतात, आणि उत्तर देतात 'फेरगेल्ट्स गॉट', देव तुझं भलं करो. या आजोबांच्या ड्रॉवरमध्ये एक चपटी डबी होती. मी उघडून पाहिली, तर तपकीर! अगदी आमच्या आजोबांची असायची तीच, नुसता वास वेगळा, पुदिन्यासारखा थंड. बायर्नमध्ये तपकिरीची परंपरा आहे हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी चिमूट ओढली, छत हलेल अशी शिंक दिली, आणि खोलीतल्या तिन्ही खाटांवरून आवाज आला.

आजीचं 'सत्य आहे बघ' तर तिथेही जसंच्या तसं आहे. जर्मनमध्ये 'बेनीझन' असं क्रियापद आहे, एखादी गोष्ट शिंकून खरी ठरवणे. बोलताना कोणी शिंकलं की जुनी माणसं म्हणतात, शिंक आली म्हणजे खरं आहे. आजीला हे सांगायला हवं होतं. ती गेली त्यानंतर मला हा शब्द कळला.

'शतं जीव' हे शब्द किती जुने आहेत ते बघ. 'शतं जीव शरदो वर्धमानः', शंभर शरद वाढत जग, असं ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात आहे, आणि ते ज्या सूक्तात आहे ते राजयक्ष्म्याच्या, म्हणजे क्षयाच्या, रोग्याने बरं व्हावं म्हणून रचलेलं आहे. शिंकेशी त्याचा संबंध नाही, पण शब्द आजाऱ्याच्या उशाशी बसून म्हटलेले आहेत, आपल्या कामातले आहेत.

आणि म्हणावं की म्हणू नये हा तुझा वादही नवा नाही. पाली जातकांत गग्ग जातक म्हणून एक आहे. बुद्ध उपदेश करत असताना त्यांना शिंक आली. भिक्खू मोठ्याने म्हणाले, "जीवतु भन्ते भगवा, जीवतु सुगतो." त्या गलक्यात उपदेश थांबला. बुद्धांनी विचारलं, शिंकल्यावर 'जीव' म्हटल्याने कोणी जगतो का, न म्हटल्याने मरतो का? भिक्खू म्हणाले, नाही. मग म्हणू नका, असं त्यांनी सांगितलं. पुढे झालं असं की भिक्खू शिंकले की गावकरी 'जीव' म्हणायचे आणि भिक्खू गप्प राहायचे. लोक नाराज झाले, हे कसले श्रमण, साधं उत्तर देत नाहीत. ते कानावर आल्यावर बुद्धांनी परवानगी दिली: गृहस्थांना मंगल प्रिय असतं, ते 'जीव' म्हणाले तर तुम्ही 'चिरं जीव' म्हणा.

मला ही गोष्ट फार आवडते, कारण त्यात क्निगेवाले बरोबर आहेत आणि माझ्या वॉर्डातल्या त्या आजीही. उपदेश चालू असताना गलका नको. आणि म्हटल्याने आयुष्य वाढत नाही हेही खरं. पण समोरचा माणूस काही म्हणाला तर त्याला उत्तराविना सोडू नये.

आता तुझी आई. निघताना एक शिंक म्हणजे अपशकुन, हे माझ्याही घरी होतं. काही बिनसलं की आपण अजून 'कुठे माशी शिंकली?' असंच विचारतो. तू आता सायन्स शिकलेली आहेस, तुला ते पटत नसेल, मलाही पटत नाही. जर्मन माणसालाही सांगायला जाऊ नकोस, त्याला ते कळणार नाही. पण एवढं लक्षात असू दे की त्याच जर्मन माणसाला वाढदिवसाच्या आदल्या दिवशी शुभेच्छा दिल्यास तर तो मनापासून अस्वस्थ होतो, आधी शुभेच्छा दिल्या तर वाईट होतं म्हणून. तेव्हा सहकाऱ्यांचे वाढदिवस नीट लिहून ठेव आणि त्या दिवसाच्या आधी तोंड उघडू नकोस.

आईशी वाद घालू नकोस. मी घातला होता. माझ्या निघायच्या संध्याकाळी दारात चुलतभाऊ शिंकला, आई म्हणाली, "बस जरा, पाणी पी." मी म्हटलं, "काहीतरीच काय, गाडी उभी आहे," आणि तशीच निघाले. पुढचा सगळा प्रवास, फ्रँकफुर्टला उतरून माझा फोन जाईपर्यंत, आई देवापुढे बसून होती. वडिलांनी नंतर सांगितलं. दोन मिनिटं बसले असते तर ती जेवली असती.

विमानतळावर तीन तास आधी पोचायला सांगतात, तू घरातून निघायची वेळ ठरवताना त्यात अर्धा तास वाढव. रस्त्यातल्या ट्रॅफिकचा नाही, तो वेगळा धर. हा अर्धा तास आईचा. कोणी शिंकलं तर बॅग खाली ठेव, खुर्चीवर बस, तिच्या हातचं पाणी पी, ती म्हणेल तेव्हा ऊठ. आणि कोणी नाहीच शिंकलं, तरी बस.